बुधाला शेपटी? हा फोटो खरा आहे का?

दुर्बीणवाली
मंडळी, आमच्या आकाशदर्शनवाल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने फोटो टाकलाय, मधोमध एक झगझगीत ठिपका आणि त्याच्यामागे केशरी-पिवळा लांबलचक पट्टा, खाली नुसतं 'बुध' लिहिलंय. मला वाटलं नेहमीप्रमाणे कुणीतरी धूमकेतूचा फोटो बुधाच्या नावाने फिरवतंय, पण शोधलं तर असे फोटो बऱ्याच हौशी लोकांनी काढलेत. आता माझी गोची अशी की शाळेपासून आपण घोकलंय, बुधाला वातावरण नाही, एवढासा ग्रह, त्यात इतका तापलेला, हवा धरून ठेवणार कशी. मग ही शेपटी कशाची? कुणी म्हणालं सोडियमची आहे आणि सूर्यप्रकाशच ती ढकलतो. प्रकाशाचा दाब असतो हे वाचलंय पण ग्रहावरून काही उचलून नेण्याएवढा जोर असतो का त्यात? आणि ग्रुपवरचे एक काका म्हणतात ती रोज नसते, ठराविक दिवसच चांगली दिसते. बुध सूर्याच्या सगळ्यात जवळ जातो तेव्हा असणार असा माझा अंदाज. जरा सविस्तर सांगा कुणीतरी, लिंक नका देऊ, वाचून झाल्यात, डोक्यावरून गेल्या. माझ्याकडे ८० एमएमची रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) आहे, तिच्यात जमेल का तेही सांगा.

उगाचच
शेपूट आहे पण घालून पळायला जागा नाही बिचाऱ्याला. असो, जाणकार येईपर्यंत मी इथेच बसतो.

फिजिक्सचे_मास्तर
ताई, फोटो खरा आहे. आणि शाळेत शिकवलेलंही अगदीच खोटं नाही, कारण बुधावर जे काही आहे त्याला हवा म्हणायचं जिवावर येतं. पृथ्वीवर जो दाब असतो त्याच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी. इतकं विरळ की तिथले अणू एकमेकांना आपटतच नाहीत. आपल्या हवेतले रेणू सतत एकमेकांवर आदळत असतात म्हणून तर वारा आहे, आवाज आहे. बुधावर प्रत्येक अणू आपापला. जमिनीवरून उडाला, वर गेला, वळून परत जमिनीवर पडला, नाहीतर गेला तो गेलाच. याला एक्झोस्फिअर म्हणतात. पृथ्वीलाही आहे पण तो शेकडो किलोमीटर वर सुरू होतो, बुधाचा थेट दगडापासूनच सुरू.

१९७४ साली मरिनर १० हे यान बुधाजवळून गेलं तेव्हा हायड्रोजन आणि हेलियम सापडले, पण त्यातलं उपकरण अतिनील किरणांत बघणारं, सोडियमची ठळक खूण दृश्य प्रकाशात, त्यामुळे ते राहून गेलं. १९८५ मधे टेक्ससच्या मॅकडोनाल्ड वेधशाळेतून पॉटर आणि मॉर्गन या दोघांनी बुधाचा वर्णपट घेतला, तर सोडियमच्या जागी उजळ रेघा. म्हणजे जमिनीवरून दिसण्याजोगी गोष्ट होती. घरी बघायचं तर गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाका, जो भगभगीत पिवळा उजेड पडतो तोच हा, ५८९ नॅनोमीटर. बुधावर ज्योत नाही, तिथे सोडियमचा अणू सूर्याचाच त्या रंगाचा प्रकाश गिळतो आणि परत बाहेर फेकतो.

आता हा अणू दगडातून सुटतो कसा. बुधाच्या मातीतल्या खनिजांमधे सोडियम असतं, कणाच्या पृष्ठभागावर ते एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत चिकटून बसलेलं असतं. सूर्याचा अतिनील फोटॉन येऊन पडला की शेजारचा एखादा इलेक्ट्रॉन उडी मारून त्याच्याकडे येतो, सोडियम विद्युतदृष्ट्या उदासीन होतं, अणू फुगतो, आणि आधी जिथे आरामात मावत होता तिथे आता मावेनासा झाल्यामुळे बाहेर ढकलला जातो. सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगाने. बुधाचं गुरुत्वाकर्षण ३.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे असा अणू सरळ वर गेला तर सव्वाशे-दीडशे किलोमीटर उंची गाठून नऊ-दहा मिनिटांत खाली. शिवाय दुपारी जमीन ४३० डिग्रीपर्यंत तापते, तेव्हा वरवर चिकटलेलं सोडियम नुसत्या उष्णतेनेही सुटतं.

पण एक किलोमीटरने बुध सुटत नाही, सुटायला सव्वाचार लागतात. तिथे तुमचा ढकलण्याचा प्रश्न येतो. हिशोब अगदी सोपा आहे, मी वर्गात घालतो तो. सोडियमच्या अणूने ५८९ नॅनोमीटरचा एक फोटॉन गिळला की त्याचा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटरने बदलतो. तीन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. गिळलेला प्रकाश तो परत फेकतो तेव्हा दिशा कुठलीही असते, त्यामुळे फेकताना बसलेले धक्के सरासरीत कटतात, गिळताना बसलेले सगळे मात्र सूर्याकडून बाहेरच्याच दिशेला. अनुकूल दिवशी एकेक अणू सेकंदाला साठ-सत्तर फोटॉन गिळतो. तीन गुणिले साठ-सत्तर, म्हणजे दर सेकंदाला दोन मीटर प्रति सेकंद. बुधाच्या गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहून थोडं जास्तच. म्हणजे जरा वेगात उडालेल्या अणूला अर्ध्या गुरुत्वाकर्षणाची सूट मिळाली, गेलाच तो. ही शेपटी असणार असं भाकीत १९८६ सालीच झालं होतं, पॉटर, किलन आणि मॉर्गन यांना ती प्रत्यक्ष दिसली २००१ मधे, आणि पुढे २५ लाख किलोमीटरपर्यंत तिचा माग लागला. पृथ्वी-चंद्र अंतराच्या सहापट.

तुमचा अंदाज मात्र उलटा आहे. सूर्याच्या सगळ्यात जवळ असताना शेपटी मरतुकडी असते. का ते रात्री लिहितो, पेपर तपासायचे पडलेत.

दुर्बीणवाली
मास्तर हे काय, ऐन रंगात आल्यावर पेपर तपासायला निघालात 😄 पण खरंच कळलं आत्तापर्यंतचं. जवळ असताना ऊन जास्त, मग धक्का पण जास्त नको का?

खडकाळ_माणूस
मास्तर रात्री येतील तोवर माझे दोन पैसे. मास्तरांचं लिखाण आवडलं पण सगळं श्रेय सूर्यप्रकाशाला देऊन टाकणं मला पटत नाही. बुधावर सतत बारीक उल्कांचा मारा चालू असतो आणि सूर्याच्या इतक्या आत त्यांचा वेग भयानक असतो, त्या जिथे पडतात तिथली माती क्षणात वाफ होते. शिवाय सौर वारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणारे विद्युतभारित कण. बुधाला चुंबकीय क्षेत्र आहे पण पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आसपास, त्यामुळे ध्रुवांकडच्या भागात सौर वाऱ्याचे प्रोटॉन थेट जमिनीवर येऊन आपटतात आणि अणू उडवतात. सोडियम बघताना उत्तरेला आणि दक्षिणेला, वरच्या अक्षांशांवर दोन उजळ पट्टे बरेचदा दिसतात, ते नुसत्या उन्हाने समजावून सांगता येत नाहीत. ऊन विषुववृत्तावर सगळ्यात कडक, मग पट्टे वर का?

आणि कॅल्शियमचं काय? ते २००० च्या सुमारास सापडलं, नंतर मेसेंजर यानाने २०११ ते २०१५ अशी चार वर्षं बुधाभोवती फिरून त्याची रोजची नोंद ठेवली. कॅल्शियम कायम पहाटेच्या बाजूला जास्त, आणि त्याचा जोर इतका की नुसत्या तापलेल्या दगडातून येईल असा नाहीच. बुधाच्या कक्षेतल्या एका ठराविक ठिकाणी ते हमखास वाढतं, आणि त्याचं सगळ्यात पटणारं कारण म्हणजे एन्के धूमकेतूने मागे सोडलेली धूळ, बुध तिच्यातून जातो. पहाटेची बाजू म्हणजे ग्रहाचा पुढचा भाग, धूळ तिथे जास्त आदळणार. तेव्हा सोडियमची गोष्ट उन्हाची असेल, पण म्हणून सगळ्या वातावरणाची गोष्ट उन्हाची असं नाही.

उगाचच
बघा, म्हणून मी लवकर उत्तर देत नाही 🙏

फिजिक्सचे_मास्तर
आलो. खडकाळराव, कॅल्शियमबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य, आणि ध्रुवांकडचे पट्टे मलाही सौर वाऱ्याचेच वाटतात. पण एक बघा, उल्का अणू उडवेल, प्रोटॉन उडवेल, पुढे त्या अणूचं काय होणार हे परत ऊनच ठरवतं. शेपटीत जायचं की खाली पडायचं, दिसायचं की नाही, आणि मरायचं कधी, सगळं. सोडियमचा मोकळा अणू त्या उन्हात काही तासच टिकतो, एखादा जास्त ऊर्जेचा फोटॉन त्याचा इलेक्ट्रॉन काढून घेतो, मग तो आयन होतो, आपला पिवळा उजेड द्यायचा बंद होतो आणि सौर वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राच्या ताब्यात जातो. शेपटी संपते ती अशी. तेव्हा उगम कुणाचाही असो, कारभार सूर्याचा.

आता ताईंचा प्रश्न, आणि माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे. बुधाची कक्षा चांगलीच लंबगोल, जवळ असताना ४.६ कोटी किलोमीटर, लांब असताना ७ कोटी. म्हणजे उन्हाचा फरक सव्वादोन पटीहून जास्त. नुसत्या उन्हावर असतं तर शेपटी जवळच्या बिंदूलाच सगळ्यात मोठी असती. पण सोडियमला सगळं ऊन चालत नाही ना, त्याला फक्त ५८९ च्या आसपासच्या दोन बारीक रेघा चालतात. आणि नेमक्या त्याच दोन रेघा सूर्याच्या प्रकाशात काळ्या आहेत, कारण सूर्याच्या स्वतःच्या वातावरणातलं सोडियम तो प्रकाश आधीच खाऊन बसलेलं असतं. फ्राउनहोफरच्या काळ्या रेषा म्हणून कॉलेजात आपण ज्या बघितल्या त्यातल्याच या डी रेषा. रेघेच्या मध्यावर आजूबाजूच्या मानाने पाच टक्के प्रकाश उरतो जेमतेम. म्हणजे बुधावरचं सोडियम सूर्याकडे बघत स्थिर उभं असेल तर भर उन्हात असूनही त्याच्यासाठी सूर्य जवळपास विझलेला.

मग त्याला ऊन मिळतं कधी? बुध सूर्यापासून दूर जात असेल किंवा सूर्याकडे येत असेल तेव्हा. डॉपलर परिणाम, म्हणजे वेगामुळे प्रकाशाचा रंग किंचित सरकलेला दिसणं. ग्रह सेकंदाला १० किलोमीटरने दूर जात असला तर त्याच्यावरच्या सोडियमला सूर्याची काळी रेघ ०.०२ नॅनोमीटर बाजूला सरकलेली दिसते. ऐकायला काहीच नाही, पण ती रेघच इतकी अरुंद आहे की तेवढ्याने अणू काळ्या भागातून उजळ काठावर येतो. झाडाच्या बुंध्याच्या सावलीत उभा असलेला माणूस दोन पावलं सरकला की त्याला ऊन लागतं, तसं. झाड तेच, सूर्य तोच.

आता कक्षेत बघा. सूर्याच्या सगळ्यात जवळच्या बिंदूला बुध आडवा पळत असतो, सूर्याच्या दिशेने त्याचा वेग शून्य. सगळ्यात लांबच्या बिंदूलाही शून्य. दोन्हीकडे अणू सावलीत, धक्का नाही आणि उजेडही नाही, कारण ढकलणारा फोटॉन आणि चमकवणारा फोटॉन एकच आहे. मधल्या टप्प्यात, जवळच्या बिंदूच्या आधी आणि नंतर साधारण १६ दिवसांनी, हा दूर-जवळ होण्याचा वेग सेकंदाला १० किलोमीटरपर्यंत जातो. शेपटी तेव्हा. तुमच्या काकांना सांगा, ते बरोबर आहेत.

दुर्बीणवाली
अरे बापरे. म्हणजे ऊन किती यापेक्षा बुध कुठल्या वेगाने पळतोय यावर शेपटी! हे कुठेच नव्हतं लिहिलेलं, किंवा असेल तर मला कळलं नव्हतं. पण एक शंका, बुध सूर्याकडे येत असताना पण तोच १० चा वेग आहे ना, मग दोन्ही वेळेला शेपटी सारखीच का?

फिजिक्सचे_मास्तर
छान प्रश्न. ढकलण्याची दिशा दोन्ही वेळेला बाहेरच, कारण प्रकाश सूर्याकडूनच येतोय. पण अणूचा पुढचा प्रवास वेगळा होतो. बुध दूर जात असताना अणूला बाहेर धक्का बसला की त्याचा दूर जाण्याचा वेग आणखी वाढतो, म्हणजे तो काळ्या रेघेतून अजून बाहेर, म्हणजे अजून ऊन, अजून धक्का. सुटतच जातो. बुध सूर्याकडे येताना मात्र अणूचा वेग आधी सूर्याच्या दिशेला असतो, बाहेरचा धक्का तो वेग कमी करत नेतो आणि अणू हळूहळू परत काळ्या रेघेच्या मध्याकडे सरकतो, ऊन कमी, धक्का कमी. स्वतःच्याच पायावर धोंडा. त्यामुळे शेपटी दोन्हीकडे असली तरी हिशोब सारखा नाही, जाताना सूर्याचं काम सोपं होतं.

कोकणकडा
मंगळावर पण असंच असतं का? तिथे पण हवा विरळ आहे म्हणतात.

खडकाळ_माणूस
मंगळाची विरळ म्हणजे बुधाच्या मानाने महासागर आहे हो. तिथे कार्बन डायऑक्साइडची खरीखुरी हवा आहे, अणू-रेणू एकमेकांना आपटतात, वारे, धुळीची वादळं सगळं. उन्हाचा खेळ तिथेही आहे पण वेगळाच, ध्रुवावर हिवाळा आला की हवेचा जवळजवळ पाव भाग गोठून जमिनीवर बसतो आणि ऊन आलं की परत वर. त्याच्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

बुधाचं अजून एक राहिलं. रात्रीच्या बाजूला तापमान उणे १८० पर्यंत उतरतं, तिकडे उडत गेलेलं सोडियम थंड मातीला चिकटून बसतं. बुधाचा एक दिवस, म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत, १७६ पृथ्वीदिवस. तेवढ्यात सूर्याभोवती दोन फेऱ्या होतात. ग्रह तीन वेळा स्वतःभोवती फिरतो तेव्हा दोन वर्षं होतात, हे गणित इतकं पक्कं बसलंय की जवळच्या बिंदूला आलटून पालटून त्याच दोन जागा सूर्यासमोर येतात, त्या कायम जास्त भाजलेल्या. कॅलोरिस नावाचं मोठं खोरं त्यातल्याच एका जागेजवळ आहे. त्यांच्यापासून ९० अंशांवरच्या दोन जागांना दुपार येते तेव्हा बुध सूर्यापासून लांब असतो, त्यामुळे त्या तुलनेने थंड, आणि सोडियम तिथे साठत जातं. मेसेंजरच्या नोंदींमधे त्या जागा उन्हात आल्या की सोडियम वाढलेलं दिसतं, दर वर्षी तेच. म्हणजे वातावरणाचा नकाशा जमिनीवर छापलाय. यावर मास्तरांशी माझं भांडण नाही, हे काम शुद्ध उन्हाचंच.

पहाटपक्षी
फोटोबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ८० एमएम पुरते, लोकांनी त्याहून लहान लेन्सने काढलेत. मुख्य खर्च फिल्टरचा, ५८९ नॅनोमीटरचा १० नॅनोमीटर रुंदीचा घ्या, तो संधिप्रकाशातलं निळं आकाश बऱ्यापैकी मारतो. त्याशिवाय शेपटी दिसणं विसरा. माउंटला (दुर्बिणीच्या स्टँडला) ट्रॅकिंग हवं, बुधावरच लॉक करा, छोटे छोटे एक्सपोजर घेऊन नंतर स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचून एकच फोटो करा, एकूण काही मिनिटांचं झालं तरी शेपटी उमटते. बुध स्वतः जळून पांढरा होणार, त्याची काळजी नको. फ्रेममधे शेपटीला जागा सोडा, ती चांगली असली तर एखाद अंश जाते, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवले तेवढी, आणि दिशा सूर्याच्या उलट म्हणजे संध्याकाळी वरच्या बाजूला. बरेच जण बुध मधोमध ठेवतात आणि अर्धी फ्रेम वाया घालवतात.

वेळेचं आपलं नशीब बरंय. आपल्याकडून बुध संध्याकाळी सगळ्यात सोयीचा दिसतो तो फेब्रुवारी ते एप्रिलमधे, आणि त्या वेळेला तो सूर्याजवळच्या बिंदूच्या आसपास किंवा नुकताच तिथून पुढे निघालेला असतो. त्यातही मार्च-एप्रिल बघा, मास्तरांनी सांगितलेल्या १६ दिवसांच्या जवळ जाता येतं. पंचांगात किंवा स्टेलॅरियम या आकाशाच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधे बुधाचा उपसूर्य बिंदू, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात जवळचा बिंदू बघून दिवस मोजा. अडचण एवढीच की मार्च-एप्रिलमधे वणव्यांचा धूर आणि क्षितिजावरची धूळ, बुध सूर्य मावळल्यावर तासा-सव्वा तासात जातो, त्यातली विसेक मिनिटंच कामाची. घाटमाथ्यावरून कोकणाकडे तोंड करून बसलात तर क्षितिज मोकळं मिळतं. गावातून करणार असाल तर आधी बघून घ्या पश्चिमेला सोडियम व्हेपरचे जुने पिवळे दिवे आहेत का, ते नेमके याच फिल्टरमधून आरपार येतात. एलईडी आले तिथे हा त्रास बराच कमी झालाय, एलईडीचं एवढंच एक कौतुक. आणि सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय त्या बाजूला दुर्बीण वळवायची नाही, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

दुर्बीणवाली
पहाटपक्षी, थेट मुद्द्याचं, धन्यवाद. फिल्टर महाग आहे, ग्रुपवर वर्गणी काढून घेऊ म्हणते. मास्तर, शेवटचा प्रश्न, इतकं सोडियम सतत उडून जातंय तर संपत कसं नाही?

फिजिक्सचे_मास्तर
वरचा थर रिकामा होतो, पण उल्का माती उकरत राहतात, खालचे ताजे कण वर येतात, कणांच्या आतलं सोडियमही उष्णतेने हळूहळू पृष्ठभागाकडे झिरपतं, आणि पडणाऱ्या धुळीतूनही थोडं येतं. ग्रहाच्या मानाने जाणारं सोडियम नगण्य आहे. यातला कुठला वाटा किती यावर अजून वाद चालू आहे, खडकाळराव आणि मी इथे घातला त्याहून बराच मोठा. युरोप आणि जपानचं बेपीकोलंबो २०१८ मधे निघालंय, नोव्हेंबर २०२६ मधे बुधाच्या कक्षेत शिरायचं ठरलंय, त्यातल्या जपानी यानावर खास सोडियमचे फोटो काढणारा कॅमेराच बसवलाय. तुमची वर्गणी तोवर जमली तर तुम्ही इकडून काढा, ते तिकडून काढतील.

खडकाळ_माणूस
माझे पाचशे धरा वर्गणीत. फोटो आला की ध्रुवांकडचे पट्टे मी बघणार, शेपटी मास्तरांना द्या.